भोंग्याची कवळी

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, आणि त्या मंडळीत ताट फिरवायची एक पद्धत होती. ताट बाकावरून सरकत टोकाला यायचं. टोकाच्या माणसानं मागे वळून ते मागच्या बाकावरच्या माणसाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "तुमच्यासाठी." मागच्यानं भाकरीचा तुकडा उचलायचा आणि ताट शेजाऱ्याकडे सरकवायचं. तिसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाला कवळीवाली बाई बसायची. ती ताट घ्यायची, तुकडा उचलायची नाही, आणि शेजारच्या नणंदेकडे ताट सरकवून मोकळी व्हायची. असं तिनं अकरा वर्षं केलं.

ताट देणारा हातही अकरा वर्षं एकच. दुसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाला मंडळीचा मुख्य वडील, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांतला पहिला, बसायचा. आदरानं बोलायला हवं खरं, पण ही गोष्ट कवळीवालीच्या बाजूची आहे, तेव्हा अरेतुरेच बरं. उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा मान त्याचा. आवाज असा, की माइक बंद पडला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. म्हणून पाठीमागे सगळे त्याला भोंगा म्हणायचे. भोंगा वळायचा, "तुमच्यासाठी" म्हणायचा, आणि ती त्याच्या हातून आलेली भाकरी त्याच्या डोळ्यांदेखत नाकारायची. मनात सूड ठेवून प्रभूची भाकरी खायची नाही, एवढं तिला कळत होतं. सूड सोडायची तिची तयारी नव्हती, म्हणून तिनं भाकरी सोडली होती.

कवळ्या बनवायचं काम मुळात तिच्या नवऱ्याचं. लग्न होऊन ती त्या घरात आली, तेव्हा पुढच्या खोलीत फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे मांडलेले. पहिला आठवडा तिला घास गिळवेना. मग हळूहळू तीच प्लॅस्टर कालवायला लागली, मेणात दात बसवायला शिकली, आणि काही वर्षांनी नवराच तिला विचारायचा, "हा सुळा जरा पुढे आलाय का गं?" खोली पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, खिडकी मात्र मोठी. बिनदातांची माणसं धापा टाकत वर यायची आणि महिनाभरात शेंगदाणे फोडायच्या गप्पा करत खाली उतरायची.

नवऱ्याची एक रीत होती. पक्की कवळी करण्याआधी ती मेणात रचायची, गिऱ्हाइकाच्या तोंडात घालायची आणि त्याला मोठ्यानं वाचायला लावायचं. 'स' आणि 'श' स्वच्छ आले, तर समोरचे दात बरोबर बसले. शिट्टी वाजली, तर पुन्हा मेणात हात घालायचा. त्यासाठी खुर्चीसमोरच्या भिंतीवर नवऱ्याच्या अक्षरातला एक कागद लावलेला असायचा.

मग नवऱ्याला पोटाचा आजार झाला आणि तो चौदा महिने अंथरुणावर होता. सुरुवातीला मंडळीतली माणसं यायची, प्रार्थना करायची, घोटभर काहीतरी पिऊन जायची. एका दुपारी भोंगा चौघांना घेऊन आला. अर्धा तास त्यानं खोली दणाणून सोडली. आमेन झालं आणि नवऱ्याच्या उशाशी उभा राहून म्हणाला, "देव कुणाला बरं करत नाही असं नसतं. घेणाऱ्याचा विश्वास कमी पडतो. तुमचा कमी पडतोय." एवढ्यावर थांबला असता तरी तिनं एक वेळ गिळलं असतं. पुढच्या रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यानं नवऱ्याचं नाव घेतलं नाही. "विश्वासात दुबळ्या असलेल्या एका घरासाठी," म्हणाला. सगळ्यांना कळलं कोणतं घर. जिन्यावरची पावलं बंद झाली. दुबळेपणा काय, खरजेसारखा लागतो की काय कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून नवऱ्यानं मोठ्यानं प्रार्थना करणं सोडलं. ओठ नुसते हलायचे. एकदा तिनं उशी नीट केली, तेव्हा तो म्हणाला, "खरंच माझंच काही कमी पडलं का गं?"

"काही कमी नाही तुमचं," ती म्हणाली. पण ती बायको. बायकोच्या म्हणण्याला मुख्य वडिलांच्या म्हणण्याइतकं वजन कुठून यायचं?

चर्चमधल्या त्या प्रार्थनेनंतर आठव्या दिवशी भिंतीवरचा कागद प्लॅस्टर उडून उडून फाटला. गिऱ्हाईक येणार होतं. तिनं नवऱ्याच्या मांडीवर फळी ठेवली आणि नवा कागद लिहायला सांगितलं. त्यानं पडल्या पडल्या तीन ओळी लिहिल्या, सवयीनं खाली तारीख घातली आणि म्हणाला, "स भरपूर आहेत. चालेल." वीस दिवसांनी तो गेला. त्या ओळी त्यानं दातांसाठी लिहिल्या की स्वतःसाठी, हे विचारायचं राहूनच गेलं.

नणंद खालच्याच मजल्यावर राहायची. मातीहून आल्यावर ती म्हणाली, "वहिनी, दुसरं चर्च बघू. त्या मेल्याचं तोंड बघायला नको."

"आपण का जायचं?" कवळीवाली म्हणाली. "देव काय त्याच्या बापाचा आहे? मी त्याच्या मागच्याच बाकावर बसणार. मानेवर नजर टोचली पाहिजे त्याच्या."

लोकांना वाटलं, बाईचा विश्वास आता डळमळणार. उलटंच झालं. रोज सकाळी बर्नर पेटवायच्या आधी ती खिडकीपाशी बसून देवाशी बोलायची आणि बोलताना काही हातचं राखायची नाही. "माझा माणूस नेलास ते नेलंस, त्याचा हिशेब मी तुझ्यापुढे येईन तेव्हा मागेन. पण त्याला जाताना भीती घालणारा तो तुझ्याच घरात पुढच्या बाकावर बसतो, त्याचं काय ते बघ." बायबलातल्या स्तोत्रांमध्ये एक जागा अशी आहे, की तिथे देवाला सरळसरळ दुष्टांचे दात पाडायला सांगितलंय. ती जागा तिला तोंडपाठ होती. कामाच्या दृष्टीनंही पटायची. रोज ती तेवढी ओळ म्हणायची आणि कामाला लागायची. कुणाचं दुःखानं देवाशी बोलणं बंद होतं, हिचं रागानं चालू राहिलं.

आणि एका सकाळी भोंगा जिना चढून वर आला. तोंडात एकही दात नव्हता.

गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. तिला क्षणभर देवाचीच भीती वाटली. मग आनंद झाला, अगदी पोटातून. भोंगा खुर्चीत टेकला आणि बोळक्या तोंडानं सांगायला लागला. हिरड्या सडल्या, सगळे काढावे लागले, दवाखान्यातली कवळी बोलताना खाली पडते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीला पन्नास वर्षं पूर्ण होतात, मोठी उपासना आहे, बाहेरून पाहुणे येणार आहेत, वाचन त्याच्याकडे आहे. "तुमची कवळी हलत नाही म्हणतात, बाई."

"नाही हलत," ती म्हणाली. "बसा नीट."

तिनं त्याच्या गळ्याभोवती कपडा बांधला, मापाचा गुलाबी लगदा कालवला, धातूच्या साच्यात भरला आणि त्याच्या तोंडात दाबून धरला. दुसऱ्या हातानं वाळूचं घड्याळ उलटं केलं. "चार मिनिटं. हलायचं नाही, बोलायचं नाही. नाही तर माप बिघडेल."

भोंगा नाकानं श्वास घ्यायला लागला. जन्मात पहिल्यांदा त्याचं तोंड भरलेलं होतं आणि समोरच्याला बोलायचं होतं.

"या भिंतीमागे खाट होती," ती शांतपणे म्हणाली. "तिथे उभं राहून तुम्ही माझ्या नवऱ्याला सांगितलंत, की तुझा विश्वास कमी आहे म्हणून तू बरा होत नाहीस. मग चर्चमध्ये सांगितलंत. त्यानंतर या घरात कुणी आलं नाही. मातीला आले, तेव्हा तुम्हीच पुढे होतात, गाणं म्हणायला. तो माणूस वीस वर्षं देवाचं नाव घेऊन कामाला बसायचा. तो मरताना देवाकडे तोंड वर करायला घाबरत होता. तुमच्यामुळे. हलू नका, अजून दोन मिनिटं आहेत."

भोंग्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण ते लगद्यानं सगळ्यांच्याच येतं, त्यामुळे तिनं ते जमेस धरलं नाही.

वाळू संपली. तिनं साचा ओढून काढला. भोंग्यानं चूळ भरली आणि हनुवटी पुसली. "बाई, खरं सांगतो. मला आठवत नाही," तो म्हणाला. "असं मी पुष्कळ घरांत म्हटलंय. माणसानं विश्वासात वाढावं म्हणूनच म्हणतो."

तो भांडला असता, खोटं बोलला असता, तरी तिला चाललं असतं. जे अकरा वर्षं तिच्या उरावर बसलं होतं, ते त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. तो जिना उतरून गेल्यावर ती दात-ओठ खात प्लॅस्टर कालवायला बसली आणि तिथेच तिनं ठरवलं.

शिट्टी. समोरच्या दातांच्या मागे, टाळूच्या बाजूला मेण जरासं जास्त कोरलं, की हवा त्या फटीतून निघते आणि प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते. बघणाऱ्याला दात सुंदर दिसतात. दोष पकडायला कारागीरच लागतो. पन्नासाव्या वर्षाच्या उपासनेत, पाहुण्यांसमोर, भोंगा उभा राहणार आणि शिट्टी मारणार. पोरं हसणार, मग पोरांच्या आया हसणार. तिनं मेण कोरलं आणि नणंदेला वर बोलावून दाखवलं.

"मी काय म्हणते, थोडं तिखटही चोळ," नणंद म्हणाली.

"नको. कामात घाण नको," कवळीवाली म्हणाली. शिट्टीत मात्र तिला घाण दिसली नाही.

पाच दिवसांनी भोंगा मेणाची कवळी घालून बघायला आला. नणंद मुद्दाम दाराशी भाजी निवडत बसली. कवळी तोंडात गेली आणि भोंग्याचे गाल भरले, दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला मेला. तिनं नेहमीसारखं भिंतीकडे बोट दाखवलं. "मोठ्यानं वाचा."

भोंगा घसा खाकरून वाचायला लागला. "सोसायचं ते सोसू." प्रत्येक 'स'ला शिट्टी. किटलीच जणू. "सुखात सोबत होता, तो संकटात सोडून जाणार नाही."

दाराशी नणंद फसकन हसली. हसू आवरेना, तिनं तोंडावर हात दाबला. कवळीवालीही हसणार होती. ओठ फाकलेही होते. तेवढ्यात नणंदेचा हात तोंडावरच थांबला आणि तिचा चेहरा उतरला. ती कुणाच्या शब्दांना हसत होती, ते तिचं तिलाच कळलं. सख्ख्या भावाच्या. मरायच्या वीस दिवस आधी त्यानं लिहिलेल्या. आणि हसवलं होतं त्याच्या बायकोनं.

भोंग्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं तिसरी ओळ वाचली, सावकाश. "श्वास संपेल, विश्वास संपणार नाही." मग तो कागदाकडे बघतच राहिला. "हे कुणी लिहिलंय?"

"खाली तारीख आहे," ती म्हणाली. "तुम्ही चर्चमध्ये ते बोललात त्याच्या आठव्या दिवशीची. ज्याचा विश्वास कमी पडला होता ना, त्यानं लिहिलंय."

भोंग्यानं मेणाची कवळी स्वतःच्या हातानं काढली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पन्नासाव्या वर्षाच्या दिवशी हे वाचायचं," ती म्हणाली. "तुमचा पाठ झाला की हे. कुणी लिहिलं ते सांगायचं. तुम्ही त्याला काय म्हणाला होतात, तेही सांगायचं."

"पाहुणे असतील, बाई."

"असू देत. त्याचं नाव कमी केलंत तेव्हा मंडळी भरलेली होती. आता भरलेल्या मंडळीतच पुरं करा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दवाखान्यातली कवळी आहेच तुमच्याकडे."

भोंगा उठला. जिन्यावर त्याची पावलं दोनदा थांबल्याचं तिला ऐकू आलं.

आता तिची पंचाईत झाली. त्यानं ते वाचावं असं तिला जिवापाड वाटत होतं, आणि तो शिट्टी मारत वाचेल तर हसू व्हायचं ते नवऱ्याच्या शब्दांचं. तिनं कोरलेल्या जागी मेण परत भरलं. मग 'स' कुठेच अडू नये म्हणून समोरचे दोन दात काढून पुन्हा बसवले. मग पुन्हा. शत्रूच्या तोंडासाठी तिनं इतकं बारीक काम केलं, की असं काम तिनं स्वतःच्या आईसाठीही केलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला भयंकर राग आला. "हसतोयस ना?" ती देवाला म्हणाली. "हस. पण हे मी त्याच्यासाठी करत नाहीये, तेवढं लिहून ठेव."

शुक्रवारी भोंगा पक्की कवळी घालून बघायला आला. वाचेन की नाही, काही बोलला नाही. तिनं निळ्या कागदावर त्याला चावायला लावलं, निळा डाग उठलेल्या उंच जागा घासल्या. डावीकडे मागे एक जागा हिरडीला टोचत होती. तिथे लाल ठिपका उठलेला तिला स्पष्ट दिसला. दोन वेळा घासलं असतं तर संपलं असतं. तिनं ती जागा तशीच ठेवली. मग कवळी काढून घेतली, पाण्याच्या डबीत टाकली आणि भिंतीवरचा कागद उतरवून त्याच्या हातात दिला. "डबी रविवारी मिळेल, बाकावर. कागद मला परत हवाय."

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शास्त्रपाठाची वेळ झाली, तसा भोंग्यानं मागे न वळता बाकाच्या पाठीवरून हात मागे केला. तिनं डबी त्या हातात ठेवली. तो मान खाली घालून काहीतरी खटपट करत राहिला आणि मग उठला.

पाठ त्यानं नेहमीसारखा दणकून वाचला. एकही 'स' अडला नाही. पुस्तक मिटलं. आता बसतो बघ गाढव, असं कवळीवालीच्या मनात आलं. भोंग्यानं खिशातून कागद काढला.

"सोसायचं ते सोसू," तो वाचायला लागला. आवाज खाली आला होता, पण अक्षर न् अक्षर शेवटच्या बाकापर्यंत पोचत होतं. तिसरी ओळ झाली. त्यानं तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. अकरा वर्षांनी त्या भिंतींनी ते नाव ऐकलं. "यांच्या उशाशी उभं राहून मी म्हणालो होतो, की तुमचा विश्वास कमी पडतोय," भोंगा म्हणाला. "त्यानंतर त्यांनी हे लिहिलं. विश्वास कमी नव्हता. मी खोटं बोललो होतो."

नणंद हुंदके द्यायला लागली. कवळीवाली ताठ बसून राहिली. तिला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी उठलं. म्हातारा शिंपी होता. "आमच्या आईलाही तुम्ही हेच म्हणाला होतात," तो म्हणाला. ओरडला नाही. साधंच म्हणाला. उजवीकडे एक परिचारिका उभी राहिली. "माझ्या मुलीच्या वेळी मलासुद्धा." मग आणखी एक बाई उठली, तिला बोलताच आलं नाही, ती नुसती उभी राहिली. मग तिच्यामागे आणखी दोघं. पुष्कळ घरं, म्हणाला होता ना, ती सगळी घरं उभी राहिली. भोंगा पुढे उभा, तोंडात अठ्ठावीस दात, सगळे जागच्या जागी, आणि बोलायला एक शब्द नाही.

कवळीवालीला आनंद झाला. खोटं कशाला सांगा? त्याचे कान लाल झालेले, हे तिनं डोळे भरून बघितलं आणि देवाला म्हणाली, ठीक, अशी तर अशी. मग तिनं मागे वळून त्या उभ्या माणसांकडे पाहिलं. अकरा वर्षं तिची नजर त्याच्या एका मानेवर खिळलेली. पाठीमागे कोण काय सोसत बसलंय, हे तिनं कधी वळून बघितलंच नव्हतं.

उपासना चालवणारे पाळक पुढे आले. शहाणा माणूस, त्यांनी उपदेश केला नाही. उभ्या असलेल्या एकेकाकडे बघितलं, "बसा," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

ताट फिरायला लागलं. पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर आलं, सरकत सरकत डाव्या टोकाला भोंग्याकडे आलं. तो वळला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "तुमच्यासाठी."

तिनं ताट घेतलं. देवा, राग अजून आहे, ती मनात म्हणाली. सगळा गेलेला नाही, उगाच तुला फसवत नाही. पण अकरा वर्षं उपाशी आहे रे मी. तिनं तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

भोंगा अजून वळलेलाच होता. नव्या कवळीनं त्याचा डावा गाल दुखून आखडला होता. ती पुढे वाकली.

"डावीकडे मागे टोचतंय ना?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं मान हलवली.

"माहीत आहे मला. मीच ठेवलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी या, घासून देते." आणि तिनं ताट नणंदेकडे सरकवलं.